७२ लाख अंकांची स्वयंभू संख्या

२,४०,३६,५८३ वेळा २ घ्यायचे, त्या सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तरातून १ वजा करायचा. येणारी संख्या ७२,३५,७३३ अंकी आहे. तिची सुरुवात २९९४ ने होते आणि शेवट ०७ ने. एका पानावर तीन हजार अंक बसवले, तर तिला दोनशे पानी बारा वह्याही अपुऱ्या पडतील. ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही. जॉश फिंडली या अमेरिकन संगणक-सल्लागाराच्या घरगुती पेंटियम ४ संगणकाने सुमारे दोन आठवडे आकडेमोड केली आणि १५ मे २००४ रोजी हे सिद्ध झालं. त्या दिवशी ती जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. आता तो मान तिच्याकडे नाही.

मग इतक्या मोठ्या संख्यांतून आढाव्यासाठी हीच का निवडली? कारण तिचा एक गुणधर्म डहाणूत जन्मलेल्या, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या एका मराठी शिक्षकाने शोधलेल्या कल्पनेशी जोडलेला आहे. आणि हा गुणधर्म तिच्या दुसऱ्या, फार वेगळ्या जातीच्या गुणधर्मांशेजारी ठेवला, की मोठ्या मूळ संख्येविषयी आपल्याला नक्की काय काय माहीत आहे हे स्वच्छ दिसतं. संख्येचे काही गुण तिच्या स्वतःच्या घडणीतून येतात. काही गुण आपण तिला दशमान पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. या दोन्हींत गल्लत केली की एक तर भाबडं आश्चर्य हाती लागतं, नाही तर फुकटची तुच्छता.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून उत्तरेला पाहिलं की वैतरणेच्या मुखापलीकडे दातिवरे, मग केळवे, सातपाटी, चिंचणी आणि त्यापुढे डहाणू. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी तिथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यात, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये त्यांना गणितासाठीचं रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. पुढचं शिक्षण त्यांनी घेतलं नाही. १९३० ते १९६२ ही सगळी वर्षं देवळालीत शाळामास्तरकी केली आणि उरलेला वेळ संख्यांना दिला. सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४ वर येऊन थांबायला होतं, हा त्यांचा शोध आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. डहाणू आता ज्यात आहे तो पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ मध्ये. त्याच्या शाळांतून कापरेकरांचं नाव ६१७४ च्या पुढे जाऊन सांगितलं जावं असं मला फार वाटतं, कारण मूळ संख्यांच्या बाबतीत त्यांच्या दुसऱ्या कल्पना अधिक खोलवर पोचतात.

त्यांतली पहिली स्वयंभू संख्यांची. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. म्हणून २३ ही २८ ची जनक. २८ मध्ये १० मिळवले की ३८. असं पुढे पुढे जाता येतं. आता उलटा प्रश्न विचारा: जिला जनकच नाही अशी संख्या असते का? असते. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ अशी त्यांची रांग सुरू होते. कापरेकरांनी यांना स्वयंभू म्हटलं आणि १९६३ मध्ये त्यांवर एक पुस्तिका देवळालीहून स्वतःच काढली. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या स्तंभात त्यांच्या कामाची ओळख करून दिली, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते आणि जगाला ते त्यानंतरच माहीत झाले. १९८२ मध्ये उंबेर्टो झानिएर या इटालियन गणितज्ञाने सिद्ध केलं की स्वयंभू संख्या सगळ्या संख्यांमध्ये एका ठरावीक प्रमाणात पसरलेल्या आहेत. ते प्रमाण सुमारे ९.८ टक्के भरतं, म्हणजे दहांत एकाहून किंचित कमी.

९७ स्वयंभू आहे हे कसं ठरवायचं? सगळे जनक तपासत बसायची गरज नाही. कुठल्याही संख्येला ९ ने भागून जी बाकी राहते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागून राहते. त्यामुळे जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची बाकी सारखी, आणि त्या दोहोंच्या मिळवणीची बाकी तिच्या दुप्पट. ९७ ची बाकी ७. दुप्पट केल्यावर ७ बाकी देणारी बाकी म्हणजे ८, कारण १६ ला ९ ने भागून ७ उरतात. तेव्हा जनकाच्या अंकांची बेरीज ८ किंवा १७ च असू शकते. बेरीज ८ धरली तर जनक ८९, पण ८९ च्या अंकांची बेरीज १७. बेरीज १७ धरली तर जनक ८०, पण त्याच्या अंकांची बेरीज ८. दोन्ही उमेदवार बाद. ९७ स्वयंभू.

ही पद्धत लक्षात राहू द्या, कारण ७२ लाख अंकी संख्येलाही नेमकी हीच लागू पडते.

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये त्यांतल्या कोणत्या मूळ आहेत याची यादी दिली होती. मर्सेन मूळ संख्यांची सुरुवात ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७, २१४७४८३६४७ अशी आहे. यांच्यावर कापरेकरांची कसोटी चालवून पाहिली. ३, ७ आणि ३१ स्वयंभू निघतात. मग १२७ ला जनक आहे १२२. ८१९१ ला ८१६८, १३१०७१ ला १३१०६०, ५२४२८७ ला ५२४२६४. आणि २१४७४८३६४७ ला, जी मूळ असल्याचं ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, एक सोडून दोन जनक आहेत: २१४७४८३६०६ आणि २१४७४८३५९७. पहिल्याच्या अंकांची बेरीज ४१, दुसऱ्याच्या ५०. दोन जनक असलेल्या संख्यांना कापरेकर जंक्शन संख्या म्हणत. त्यांतली सर्वांत लहान १०१, जिचे जनक ९१ आणि १००. ऑयलरची ही प्रसिद्ध मूळ संख्या कापरेकरांची जंक्शन संख्याही आहे, ही गोष्ट कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत पडताळता येते. ती हाती आली तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत मांडणं कठीण आहे.

आता आपली मोठी संख्या. तिचा जनक असलाच, तर त्याच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त ७२,३५,७३३ गुणिले ९, म्हणजे ६,५१,२१,५९७ असेल. ही आठ अंकी संख्या झाली. म्हणजे जनक शोधायला मूळ संख्येतून फार तर आठ अंकी काही तरी वजा करायचं, आणि त्या वजाबाकीने शेवटचे आठ अंक बदलतील. हातचा घ्यावा लागलाच तर त्यांच्या डावीकडचा एखादा अंकही. बाकीचे ७२ लाखांवर अंक जागच्या जागी. त्यांची बेरीज एकदा करून ठेवली की ती कायमची. शेवटच्या आठ अंकांची बेरीज ० ते ७२ यांच्या बाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा शक्य असलेल्या बेरजा उरल्या फक्त ७३. त्यांतही ९ ची अट आहे. आपल्या संख्येची बाकी १ येते, म्हणून जनकाच्या अंकांच्या बेरजेची बाकी ५ च हवी. ७३ मधून उरले आठ-नऊ उमेदवार, हातच्यामुळे आणखी काही धरू. एवढे तपासले की काम संपलं. २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी तोवर सापडलेल्या मर्सेन मूळ संख्यांबाबत हा प्रश्न निकालात काढला, तेव्हा स्वयंभू निघालेली सर्वांत मोठी ही होती. तिच्याहून मोठ्या तीन मर्सेन मूळ संख्या त्या वेळी माहीत होत्या. त्या तिघींनाही जनक आहेत.

यातून संख्येबद्दल काय कळतं? खरं सांगायचं तर तिच्या मूळ असण्याबद्दल काहीच नाही. दहांतल्या एका संख्येला हा मान मिळतोच, आणि तो दहा अंकांच्या लेखनपद्धतीवर अवलंबून आहे. आपण बाराच्या पायावर मोजत असतो, तर स्वयंभू संख्यांची यादी वेगळी असती आणि कदाचित ही संख्या त्यात नसती. कापरेकरांची दुसरी एक कल्पना हर्षद संख्यांची: अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या. दोन किंवा अधिक अंकांची मूळ संख्या हर्षद असूच शकत नाही, कारण अंकांची बेरीज १ तरी हवी, जी फक्त १०, १००, १००० यांची येते, नाही तर ती त्या मूळ संख्येएवढीच हवी, जे अशक्य आहे. हे खरं आहे आणि सुंदर आहे, पण संख्येच्या घडणीत शिरत नाही. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण दिलं होतं. या संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या अनुक्रमे ४ पट आणि ९ पट आहेत. असल्या गोष्टींत गणितज्ञाला रस वाटावा असं काही नाही, असा हार्डींचा निर्वाळा. आपल्याकडच्या विद्यापीठांतल्या बऱ्याच जणांनी कापरेकरांना याच नजरेने पाहिलं. हा निर्वाळा मला अपुरा वाटतो. का, ते पुढे येईलच.

आधी संख्येच्या घडणीकडे वळू. मर्सेन संख्या मूळ असायची तर तिचा घातांक मूळ असावाच लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ हा २३ आणि ८९ यांचा गुणाकार. या दोन अवयवांकडे नीट पाहा: २३ म्हणजे ११ ची २ पट अधिक १, आणि ८९ म्हणजे ११ ची ८ पट अधिक १. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर मर्सेन संख्येचा प्रत्येक विभाजक असाच, घातांकाच्या सम पटीत १ मिळवून तयार होतो. म्हणून आपल्या संख्येचा विभाजक शोधायचा म्हटलं, तर ४,८०,७३,१६६ च्या पटींत १ मिळवून येणाऱ्या संख्या तेवढ्या तपासायच्या. चाळणी बारीक आहे खरी, पण नुसत्या चाळणीने पुरावा मिळत नाही.

मर्सेनची स्वतःची यादीही फसली. त्यांनी ६७ आणि २५७ हे घातांक चुकून घेतले, तर ६१, ८९ आणि १०७ गाळले. २ चा ६७ वा घात वजा १ हा १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार आहे, हे फ्रँक नेल्सन कोल यांनी ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फळ्यावर गुणाकार मांडून दाखवलं. अवयव सापडले की वाद मिटतो. अवयव नाहीतच हे दाखवायला मात्र युक्ती लागते, आणि ती एदुआर लुकास यांनी १८७० च्या दशकात शोधली. डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं.

युक्ती इतकी साधी आहे की सातवीतल्या मुलाला करता येते. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. ही क्रिया घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. ३१ साठी घातांक ५, म्हणून तीन वेळा: ४ पासून १४, मग १९४, त्याची बाकी ८, मग ६२, त्याची बाकी ०. म्हणजे ३१ मूळ. २०४७ साठी नऊ वेळा करायचं. येणाऱ्या बाक्या १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटची १७३६. शून्य आलं नाही, म्हणून संयुक्त, आणि तरीही २३ किंवा ८९ कुठेच दिसले नाहीत. अवयव न शोधता संयुक्तपण सिद्ध होतं, हे पहिल्यांदा कळलं की कुणीही थबकेल. लुकास यांनी १८७६ मध्ये याच मार्गाने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या हाताने सिद्ध केली. पुढची पाऊणशे वर्षं तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही. मग १९५२ मध्ये राफाएल रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका सुरुवातीच्या संगणकावर त्याच एका वर्षात पाच नव्या मर्सेन मूळ संख्या काढल्या. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी ‘गिम्प्स’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ देतात. फिंडली हे त्यांतलेच एक. त्यांच्या संगणकाने ७२ लाख अंकी संख्येचा वर्ग करण्याची क्रिया २,४०,३६,५८१ वेळा केली.

इथे एक गोष्ट अशी आहे जी मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते. मर्सेन संख्या द्विमान पद्धतीत लिहिली, तर ती नुसत्या १ या अंकाची बनते. ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे १११११, आणि आपली संख्या म्हणजे ओळीने २,४०,३६,५८३ वेळा लिहिलेला १. कापरेकर आयुष्यभर दशमान पद्धतीतल्या अशाच संख्यांजवळ घुटमळत होते. मुंबईपासून तीस मैलांवरच्या, आज आपण डोंबिवली म्हणून ओळखतो त्या जीआयपी रेल्वेच्या स्टेशनवर सुचलेल्या संख्याप्रकाराला त्यांनी डेम्लो संख्या हे नाव दिलं. १९३९ मध्ये प्रा. के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी या संख्यांची उपपत्ती मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडली. १, ११, १११, ११११ यांचे वर्ग १, १२१, १२३२१, १२३४३२१ असे येतात. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. हे अद्भुत डेम्लो. मर्सेन मूळ संख्या द्विमानात जे काम करतात तेच काम दशमानात या एकांच्या संख्या करतात. दोन्ही कुटुंबांचे नियमही जुळतात: एकांची संख्या मूळ असायची तर एकांची मोजदाद मूळच हवी. पण इथेही तेवढ्याने भागत नाही: १११ म्हणजे ३ गुणिले ३७, १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१, सात एकांची संख्या म्हणजे २३९ गुणिले ४६४९. दोन एकांची ११ मूळ आहे. त्यानंतर थेट १९ एकांची आणि २३ एकांची.

मग मर्सेन मूळ संख्या कोट्यवधी अंकांपर्यंत सिद्ध झाल्या आणि एकांच्या संख्या मागे का राहिल्या? याचं उत्तर शेजारच्या संख्येत आहे. मर्सेन संख्येत १ मिळवला की २ चा शुद्ध घात मिळतो, म्हणजे तिच्या शेजारणीचे सगळे अवयव आपल्याला आधीच ठाऊक असतात. लुकासची युक्ती याच माहितीवर उभी आहे. एकांच्या दशमान संख्येतून १ वजा केला तर एकाने कमी एकांची संख्या शून्य जोडून उरते, आणि तिचे अवयव पाडणं हेच मोठं काम होऊन बसतं. ३१७ एकांची संख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस ह्यू विल्यम्स यांनी मूळ ठरवली. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचा विल्यम्स आणि हार्वी डबनर यांचा पुरावा १९८६ मध्ये छापून आला. कापरेकर गेले ते त्याच वर्षी. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असावी हे डबनर यांच्या १९९९ मध्येच लक्षात आलं होतं. तिचा पक्का पुरावा लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतीने २०२२ मध्ये पुरा झाला आणि ८६,४५३ एकांच्या संख्येचा २०२३ मध्ये. ८१,७७,२०७ एकांची एक प्रचंड संख्याही हाताशी आहे. प्रत्येक चाचणीतून ती मूळ असल्यासारखी पार पडते, पण पुरावा अजून नाही. आपल्या संख्येपेक्षा ती जास्त अंकी आहे, तरी तिला मूळ म्हणायचा हक्क कुणाला नाही. आकार मोठा असला म्हणून सिद्धता अवघड होते असं नाही. शेजारीण उलगडता येते की नाही यावर सगळं ठरतं.

कापरेकरांचं नाव आपल्या संख्येला आणखी एका वाटेने चिकटलेलं आहे, आणि ही वाट योगायोगाची नाही. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८,२०९; ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दुसरीकडे परिपूर्ण संख्या आहेत, म्हणजे आपल्याच लहान विभाजकांच्या बेरजेएवढ्या: ६, २८, ४९६. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक सम परिपूर्ण संख्या तयार होते हे युक्लिडला ठाऊक होतं. सगळ्या सम परिपूर्ण संख्या अशाच येतात हे ऑयलरने दाखवलं. आपल्या संख्येपासून येणारी परिपूर्ण संख्या १,४४,७१,४६५ अंकी आहे. आता २८ ला द्विमानात लिहा: १११००. तिचा वर्ग ७८४ म्हणजे ११०००१००००. उजवीकडचे सहा अंक तोडले की दोन तुकडे होतात, ११०० आणि ०१००००, म्हणजे १२ आणि १६. त्यांची बेरीज २८. द्विमान पद्धतीत २८ ही कापरेकर संख्या झाली. हे एकट्या २८ बद्दल नाही. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमानात कापरेकर संख्या असते, आणि घातांकाच्या दुप्पट अंक तोडले की तुकडे बरोबर जुळतात. डग्लस इआनुची यांनी २००० मध्ये कापरेकर संख्यांवरच्या शोधनिबंधात हे सिद्ध केलं, आणि अशा सगळ्या संख्या ९९९...९ या संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी कशा बांधलेल्या आहेत तेही उलगडलं.

म्हणजे देवळालीच्या एका शिक्षकाच्या दोन कल्पना एकाच मूळ संख्येला दोन टोकांनी भिडतात. स्वयंभूपण तिला नशिबाने मिळालं. कापरेकर संख्येशी असलेलं नातं तिच्या रक्तात आहे. हार्डींचा निर्वाळा अपुरा वाटतो तो याचमुळे. अंकांची कोडी सोडवताना कोणतं कोडं वरवरचं आणि कोणतं तळाशी जाणारं हे आधी कळत नाही. ते काम कुणी तरी चिकाटीने करावं लागतं, आणि कापरेकरांनी पगारी संशोधक नसताना ते केलं. अलीकडच्या गणिताने अंकांच्या प्रश्नांना पुन्हा मानाची जागा दिली आहे. मूळ संख्यांच्या अंकांची बेरीज सम आणि विषम यांत सारखी वाटली जाते का, असा प्रश्न गेलफंड यांनी १९६८ मध्ये विचारला होता. क्रिस्तियाँ मोद्युई आणि जोएल रिव्हा यांनी २०१० मध्ये त्याचं होकारार्थी उत्तर सिद्ध केलं. दशमान लेखनात ७ हा अंक, किंवा दुसरा कुठलाही एक ठरवलेला अंक, अजिबात येत नाही अशा मूळ संख्या अनंत आहेत, हे जेम्स मेनार्ड यांनी २०१९ मध्ये सिद्ध केलं. २०२२ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळालं.

उरलेला मोठा प्रश्न असा की मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत का. सिद्धता कुणाकडे नाही. अंदाज मात्र आहे आणि तो संभाव्यतेवर उभा आहे. आपल्या संख्येएवढ्या आकाराची कुठलीही संख्या आंधळेपणाने उचलली, तर ती मूळ असण्याची शक्यता सुमारे १ कोटी ६७ लाखांत एक. मर्सेन संख्यांचे विभाजक ठरावीक साच्याचेच असल्याने त्यांची शक्यता बरीच वाढते. हा सगळा हिशोब केला तर अशा मूळ संख्या संपणार नाहीत, मात्र विरळ होत जातील, असं दिसतं. लेन्स्ट्रा, पोमरन्स आणि वॅगस्टाफ यांच्या नावाने हा अंदाज ओळखला जातो.

मूळ संख्यांकडे संख्याशास्त्राच्या नजरेने पाहण्याची धडपड आपल्या भाषेच्या मुलखातल्या आणखी एका माणसाने केली होती. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यातल्या कोसबें गावी जन्मले. इतिहासकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणितज्ञ होते आणि पुण्याहून रोज डेक्कन क्वीनने जात. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना मूळ संख्यांच्या वाटणीने झपाटलं. मूळ संख्यांना नमुन्यासारखं घेऊन संभाव्यतेच्या नियमांनी तपासायचं, ही त्यांची दिशा. तिच्या आधारे, मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेल्या रीमानच्या गृहीतकाविषयी त्यांनी केलेला दावा तज्ज्ञांना पटला नाही आणि त्याची मोठी किंमत त्यांना मोजावी लागली. १९६२ मध्ये संस्थेतला त्यांचा करार वाढवला गेला नाही. जून १९६६ मध्ये ते गेले. मूळ संख्यांवरच्या त्यांच्या पुस्तकाचं हस्तलिखित छापलं गेलं नाही, आणि हरवलं. सिद्धता आणि अंदाज यांत फरक करावाच लागतो. तज्ज्ञांचा आक्षेप रास्त होता. पण मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत असं आज आपण विश्वासाने म्हणतो तो विश्वास संभाव्यतेच्याच भाषेतला आहे, आणि कोसंबी त्या भाषेवर प्रेम करणाऱ्यांपैकी होते.

व्यवहारातला उपयोग थोडक्यात. फोनवरचे गुप्त संदेश आणि पैशांचे व्यवहार ज्या मूळ संख्यांवर चालतात त्या शे-दोनशे किंवा पाच-सहाशे अंकांच्या असतात. लाखो अंकांच्या संख्या तिथे कामाच्या नाहीत. ५२१ हा घातांक असलेली मर्सेन मूळ संख्या लंबवर्तुळी वक्रांच्या एका प्रमाणित कूटपद्धतीत वापरतात. १९,९३७ घातांकाची संगणकातल्या यादृच्छिक आकड्यांच्या एका प्रसिद्ध यंत्रणेत वापरली जाते. आयआयटी कानपूरच्या मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये कुठल्याही संख्येसाठी मूळपणाची वेगवान आणि खात्रीची कसोटी सैद्धांतिक पातळीवर दिली. ते काम थोर आहे. पण मर्सेन संख्यांसाठी लुकासची जुनी वाटच अजून जवळची पडते.

सध्या माहीत असलेल्या मर्सेन मूळ संख्या ५२ आहेत. शेवटची ल्यूक ड्युरँट यांनी शोधली आणि ती २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाली. तिचा घातांक १३,६२,७९,८४१ आणि अंक ४,१०,२४,३२०. ड्युरँट यांनी १७ देशांतल्या भाड्याच्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर ही आकडेमोड केली. ती कापरेकरांच्या अर्थाने स्वयंभू आहे का, हे तपासायला मात्र तसलं काहीच लागत नाही. विरारच्या कुठल्याही कॉलेजातल्या मुलीच्या लॅपटॉपवर तिचे सगळे दशमान अंक काढता येतात. जनकाच्या अंकांची बेरीज फार तर ३६,९२,१८,८८०, म्हणजे नऊ अंकी, तेव्हा शेवटचे नऊ अंक बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यांची बेरीज करायची. ती १८ कोटी ४६ लाखांच्या आसपास भरेल. तिच्यात ० ते ८१ पर्यंतची भर धरायची. या संख्येला ९ ने भागून बाकी ४ राहते, म्हणून त्यांतल्या ज्या बेरजांची बाकी २ येते तेवढ्याच ठेवायच्या. हाती नऊ-दहा उमेदवार राहतील. हातचा येत असेल तर त्याचे आणखी थोडे. प्रत्येकाची एक वजाबाकी आणि नऊ अंकांची एक बेरीज.